यथासांग आढळल्यास

अमरावती,
१४ जुलै २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,
रमाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. माझ्या खुब्याचे हाड इतके सुरेख जुळले आहे, की डॉक्टर त्याचा एक्स-रे इतर रुग्णांना नमुना म्हणून दाखवतात. आमचे वकीलसाहेबही ठीक. रोज कोर्टात जातात, तारीख घेतात आणि परत येतात.

हाताशी फोन असताना ही बाई टपालाने पत्र का पाठवते, असे तुला वाटेल. कारण आपला करार. तुझ्या कपाटात तो कोठे असेल ठाऊक नाही, म्हणून आठवण करून देते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी मी न्हाणीघरात पडले. त्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना उभे करायला या घरात उभे राहू शकणारे कोणी नव्हते. म्हणून ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी मुखवटे, धडाच्या कोठ्या, दागिने आणि बाळे घेऊन अकोल्यास तुमच्याकडे आल्या. सख्ख्या भावांत कागद कशाला, असे केशवभाऊजी म्हणाले. सख्ख्या भावांतच हवा, असे वकीलसाहेब म्हणाले. शिवाय आढाव्याचे कलम नसलेला करार म्हणजे जन्मठेप, असेही त्यांनी ऐकवले. मसुदा मी लिहिला, कारण त्यांच्या मराठीत ‘सदरहू’ या शब्दाखेरीज फारसे काही नसते.

कलमे उतरवून देते. तीन : महालक्ष्म्या तीन वर्षे अकोल्यास राहतील. चार : मुदत संपल्यावर त्यांनी अमरावतीस यावे. पाच : तिसऱ्या विसर्जनानंतर थोरल्या जाऊबाईंनी समक्ष पाहिलेल्या सोहळ्याचा लेखी अभिप्राय कोजागिरीपर्यंत द्यावा, सारे यथासांग आढळल्यास अनुवृत्ती. सहा : याबाबतचा सर्व मजकूर पत्रानेच व्हावा, फोनवरचे बोलणे ग्राह्य धरू नये. हे सहावे कलम केशवभाऊजींनी घालायला लावले. आपण दोघी फोनवर काय आणि कसे बोलतो, हे त्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकलेले आहे.

तर यंदा तिसरे वर्ष. मी आवाहनाच्या दिवशी येते, विसर्जन करून परतते आणि कोजागिरीच्या आत अभिप्राय देते. पुढच्या भाद्रपदात दोघी आपल्या घरी.

गेल्या वर्षीचे फोटो तुमच्या इशिताने पुण्याहून मला पाठवले. खाली कोणीतरी ‘अकोल्याच्या महालक्ष्म्या’ असे लिहिले होते. तो ‘च्या’ मी तीन दिवस चघळत होते. षष्ठी ही मालकीची विभक्ती आहे, प्रतीक्षा. मुलींना मी ती तीस वर्षे शिकवते आहे.

केशवभाऊजींना आशीर्वाद सांग. माझा लोभ आहे तेवढाच आहे. कमी झाला तर सहाव्या कलमाप्रमाणे लेखी कळवीन.

तुझी थोरली जाऊ,
रमा

—

अकोला,
२३ जुलै २०२५

ती. सौ. रमाताई यांस,
प्रतीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनने आधी शेजारच्या माणिकबाईंकडे दिलं. त्यांनी पाकिटावरचं अक्षर पाहून विचारलं, की सरकारी नोटीस आली का. मी म्हटलं, तसंच समजा.

ताई, करार माझ्या कपाटातच आहे. पिशवीत, दागिन्यांच्या डब्याशेजारी. मी तो दर वर्षी आवाहनाआधी वाचते. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली. तुम्हाला ठाऊक आहे, मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतो आणि विचारतो, की बाई, माझी माती चांगली आहे का. आम्हाला अहवालात ‘चांगली’ लिहिता येत नाही. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, वेगवेगळं लिहावं लागतं. तुमच्या पाचव्या कलमात ‘यथासांग’ आहे. यथासांग म्हणजे किती? आढावा घेणार असाल तर निकष आधी सांगा. पीक उभं झाल्यावर निकष ठरवले, तर कोणतंही शेत नापास करता येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही लिहिलं, पुढच्या वर्षी दोघी अमरावतीला. ते कसं? करारात लिहिलं आहे, सारं यथासांग आढळल्यास अनुवृत्ती. सही करायच्या आधी मी शब्दकोशात पाहिलं होतं. अनुवृत्ती म्हणजे पुढे चालू राहणं. म्हणजे मी सगळं नीट केलं, तर महालक्ष्म्या माझ्याकडंच चालू राहतील. दोन वर्षं मी त्या एका शब्दावर करून राहिली आहे. सुट्टी टाकून, रांगोळीचे क्लास लावून, पुरणाचे तीन पातेले बिघडवून.

हे म्हणाले, उत्तर पाठवू नको, ताई येतील तेव्हा बोलू. पण बोललेलं ग्राह्य नाही ना.

दादांना नमस्कार. तुमची माया राहू द्या, निकषांसकट.

तुमची,
प्रतीक्षा

—

अमरावती,
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. प्रतीक्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी उभ्याने वाचले आणि मग बसले.

अग, अनुवृत्ती हा व्याकरणातला शब्द आहे! आमचे सूत्रकार शब्दांच्या बाबतीत फार कंजूष. आधीच्या सूत्रात आलेली गोष्ट ते पुढच्या सूत्रात पुन्हा लिहीत नाहीत. ती आधीच्या सूत्रातून खाली उतरली असे वाचणाऱ्याने समजायचे. तिला अनुवृत्ती म्हणतात. पाचव्या कलमात मी ‘अनुवृत्ती’ लिहिले, म्हणजे चौथे कलम खाली उतरले. म्हणजे सारे यथासांग आढळल्यास महालक्ष्म्यांनी अमरावतीस यावे. तू तुझे कर्तव्य पार पाडलेस, मी तुझी पाठ थोपटली, दोघी घरी आल्या. इतके सरळ होते.

हे सर्व मी वकीलसाहेबांना समजावून सांगितले. त्यांनी चष्मा काढला. पक्षकाराला तोट्याची बातमी देताना ते चष्मा काढतात. म्हणाले, की करारातला शब्द सामान्य माणूस ज्या अर्थाने वाचतो त्या अर्थाने घ्यायचा असतो. सामान्य माणूस सूत्रे वाचत नाही. मी म्हटले, शब्दाला दोन अर्थ असतील तर? त्यावर ते म्हणाले, की मग ज्याने मसुदा लिहिला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरतात. हा नियम जगभर आहे म्हणे. सही करताना तुम्हाला हा शब्द दिसला नव्हता का, असे मी विचारले. त्यांना वाटले होते, मी जाणूनबुजून उदार झाले आहे. छत्तीस वर्षांच्या वकिलीत या माणसाला मी उदार वाटले ते एकदाच, आणि तेही चुकून.

थोडक्यात, तू नीट केलेस तर मी हरते. तुझ्यात न्यून निघाले तर चौथे कलम तसेच उभे राहते आणि दोघी माझ्याकडे येतात. आणि न्यून आहे की नाही हे ठरवणार मी. करारातला एक पक्षच परीक्षक, असा करार मी प्रथमच पाहतो, असे वकीलसाहेब म्हणाले. त्यांना मी चहा दिला नाही.

निकष मागितलेस, ते योग्यच. घे. नक्षत्रावर आवाहन. सोळा भाज्या, मोजून. आंबील. फुलोरा. दोघींची वस्त्रे. आरती आणि पंगत. सहा झाले. नत्र-स्फुरद तुझे तू जमव.

पार्वताबाईंना, तुझ्या आईंना, नमस्कार सांग. त्या पातूरहून भाज्या पाठवतात हे ऐकून आहे. माझ्या वेळी सगळे बाजारातून आणावे लागे. पण ते असो.

लोभ ठेव. माझ्याकडचा सध्या विचाराधीन आहे.

तुझी,
रमा

—

अकोला,
९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. रमाताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

सहा निकष मिळाले. फ्रिजवर लावले आहेत.

तुमच्या पत्रातलं सूत्रांचं मला कळलं. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं, हेही कळलं. पण मी पण खोटं वाचलं नव्हतं.

एक सांगते. लग्न होऊन मी या घरात आली, तेव्हापासून सतरा वर्षं मी दर भाद्रपदात अमरावतीला आली. सतरा वर्षं मी कोथिंबीर निवडली. ओट्याच्या टोकाला, पाटावर बसून. महालक्ष्म्यांच्या खोलीत साड्या नेसवायचं काम तुमचं. दार आतून लोटलेलं असायचं. उघडलं की दोघी उभ्या, आणि तुम्ही घाम पुसत बाहेर. सगळे म्हणायचे, रमाच्या हातात काय आहे कोण जाणे. मी कोथिंबिरीच्या काड्या वेचत ऐकायची. मले कधी वाटलं नाही की तुम्ही वाईट आहात. मले फक्त आत यायचं होतं.

या, ताई. सगळं नीट पाहा. आणि जे दिसेल ते लिहा.

तुमची माया असो, नसली तरी पंगतीत पान मांडून ठेवते.

प्रतीक्षा

—

अमरावती,
६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रतीक्षास,
आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. गाडी मूर्तिजापूरला वीस मिनिटे उभी होती, तेवढ्यात अभिप्रायाचा कच्चा मसुदा झाला. तुला आधी कळावे म्हणून पाठवते. शाईची प्रत कोजागिरीच्या आत येईलच.

आवाहन वेळेवर. वस्त्रे ठीक. आरती मोठ्या आवाजात. इतके मान्य.

न्यून एक : भाज्या पंधरा. मी पान संपेपर्यंत दोनदा मोजल्या. न्यून दोन : आंबिलीला जितका आंबटपणा हवा तितका नव्हता. न्यून तीन : फुलोऱ्यातली एक करंजी उलटी टांगलेली होती. लहान गोष्ट आहे, पण यथासांग म्हणजे अंगांसह. एक अंग उणे असेल तर ‘यथा’ म्हणता येत नाही. शब्दच तसा आहे, माझा इलाज नाही.

सबब चौथे कलम लागू. दिवाळीआधी एखाद्या रविवारी मुखवटे न्यायला येऊ. मनाला लावून घेऊ नकोस. तीन वर्षांत पंधरा भाज्यांपर्यंत येणे हेही काही कमी नव्हे.

तुझी,
रमा

—

अकोला,
१३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. रमाताई यांस,
नमस्कार.

राग आला की माझी लेखणी पातूरला जाते, म्हणून आधीच माफी मागते.

ताई, भाज्या सोळा होत्या. सोळावी काटवलाची. माझ्या मायनं डोंगरावरून काटवलं वेचून आणली, शंभर काटे टोचून घेतले. ती भाजी तुमाले माणिकबाईनं वाढली, आन तुमी ती दोन डाव मांगून घेतली. दुसऱ्या डावाले तुमी वाटी पुढं केली होती, मी सोता पाह्यलं. मोजाच्या आंधीच खाऊन टाकली काय? मंग मोजली काहून नाही?

आंबिलीचं जाऊ द्या. जिभेले माप नसते.

करंजी उलटी होती हे खरं हाय. ती कोणी टांगली ते मी सांगत नाही. फक्त इतकं सांगते, की मदत करतो म्हणून जे स्टुलावर चढले होते ते अमरावतीचे वकील हायेत.

मुखवटे पुसून मऊ कापडात गुंडाळले. दागिन्यांचा डबा, बाळांचे कपडे, कोठ्या, सगळं एका जागी काढून ठेवलं. येऊन न्या. मी काही म्हणणार नाही. हे म्हणाले, कराराप्रमाणं भांडू. मी नाही म्हटलं. परीक्षक तुमी, लिहिणाऱ्या तुमी. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्यानं मातीचा अहवाल असा फिरवला असता, तर मी सही केली नसती, एवढंच.

प्रतीक्षा

—

अमरावती,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

कोजागिरी परवा आहे. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते, मुदतीत पोचावे.

जवळजवळ तीन आठवडे तुझे पत्र माझ्या टेबलावर, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेले होते. ते उचलल्याशिवाय खालचे पेपर तपासता येत नव्हते, म्हणून रोज उचलावे लागे. आणि उचलले की वाचले जाई. तीस वर्षांत मुलगी आवडत नाही म्हणून मी कोणाचा गुण कापला नाही. पहिल्यांदा कापला, तो तुझा.

काटवलाची भाजी मी मोजली नाही, कारण ती मला आवडली. इतकी, की दुसऱ्यांदा मागताना मी आजूबाजूला पाहिले. जे इतके आवडले ते तुझ्या खात्यात घालायची माझी तयारी नव्हती. आंबील उत्तम होती. करंजीबद्दल वकीलसाहेबांची उलटतपासणी घेतली. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि चष्मा काढला.

आता जे खरे न्यून वाटत होते ते सांगते. ते तुझ्यात नव्हते.

पंगतीत मला पहिल्या रांगेत, चंदनाची उटी लावून, मानाच्या पाटावर बसवलेस. माणिकबाई वाढताना जवळ बसल्या आणि फार प्रेमाने सांगू लागल्या, की प्रतीक्षाच्या महालक्ष्म्या नवसाला पावतात, तुम्ही इतक्या लांबून आलात, आता दर वर्षी येत जा. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हते. अमरावतीच्या पाहुण्या, एवढेच त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी हो म्हटले. त्या दर्शनाच्या वेळी मला महालक्ष्म्यांपाशी घेऊन गेल्या आणि कोणती ज्येष्ठा, कोणती कनिष्ठा हेही मला समजावून सांगितले.

मी ज्येष्ठेकडे पाहिले. खरे लिहिते, मला वाटले होते की तिचा चेहरा उतरलेला असेल. पितळेचा मुखवटा आहे हे मला कळते. तरी मनात होते, की अठ्ठावीस वर्षे मी जिला नेसवले ती परक्या घरात जरा तरी कोमेजली असेल. ती आमच्या घरी हसते तशीच तुझ्याकडे हसत होती. मूर्तिजापूरला गाडीत जो मसुदा केला, तो त्या हसण्यावर केला होता, भाज्यांवर नव्हे.

अभिप्राय खालीलप्रमाणे. आवाहन : यथासांग. भाज्या : सोळा, पैकी एक दोनदा. आंबील : यथासांग. फुलोरा : यथासांग, वकिलाचा हस्तक्षेप वगळून. वस्त्रे : यथासांग. आरती व पंगत : यथासांग. सारे यथासांग आढळले, सबब अनुवृत्ती. तुझ्या शब्दकोशातली.

सही केली आहे. वकीलसाहेबांनी साक्षीदार म्हणून केली आहे आणि या वेळी एकही शब्द बदलला नाही.

एक विनंती आहे, ती कराराबाहेरची. पुढच्या वर्षी मला आवाहनाच्या आदल्या दिवशी येऊ दे. ज्येष्ठेला साडी मी नेसवीन. तेवढेच.

माझा लोभ जागच्या जागी आहे. मत्सरही आहे. दोघे एका खोलीत राहतात, भांडत नाहीत.

तुझी,
रमा

—

अकोला,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. रमाताई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. मुदत उलटली, असं हे म्हणाले. मी म्हटलं, पोस्टाचा शिक्का चारचा आहे, गप्प बसा.

आधी रडली, मग माणिकबाईंना जाऊन सांगितलं की त्या दिवशी तुम्ही ज्यांना ज्येष्ठा-कनिष्ठा शिकवल्या त्या कोण. त्यांनी दोन दिवस झाले, अंगणात येणं बंद केलं आहे. तुम्ही आल्यावर त्यांची समजूत काढा.

तुम्हाला पाटावर मान म्हणून बसवलं, असं सगळ्यांना वाटलं. तुमच्यापासून काय लपवू. मी तुम्हाला बसवून ठेवलं, ताई. तुम्ही उठून एका निरीला हात लावला असता, तर ती निरी माझ्या सगळ्या निऱ्यांपेक्षा चांगली बसली असती, आणि लोकांनी तीच पाहिली असती. म्हणून उटी लावली, म्हणून पंखा तुमच्याकडं केला. मले तुमची इतकी जळण होती की मी तुमची पूजाच केली.

आता तुमची विनंती. या. आदल्या दिवशी काहून, चार दिवस आधी या. दार आतून लावून घेऊ, दोघी आत. पण ज्येष्ठेला मी नेसवणार. तुम्ही कनिष्ठेला.

तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. मी या घरात एकोणीस वर्षं धाकटी आहे. धाकटीचं ताट, धाकटीचा पाट, धाकटीचं काम. सोळा दिवे लावले तरी ज्येष्ठेकडं आधी बघतात. तीन वर्षं ती माझ्या हातात आली आहे, ती मी सोडत नाही. एक वर्ष तुम्ही धाकटीला नेसवून पाहा. तिचंही अंग सुंदर आहे. कोणी पाहत नाही, इतकंच.

आणि आढाव्याचं कलम बदला. एकीनं दुसरीचा नाही घ्यायचा. दोघींनी दोघींचा, दर वर्षी, विसर्जनानंतर चहा घेताना. मसुदा तुम्हीच लिहा, पण माझ्या शब्दकोशातल्या शब्दांत.

तुमची माया पुढे चालू राहो. म्हणजे ती, अनुवृत्ती.

प्रतीक्षा

—

अमरावती,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतीक्षा हिस,
रमाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मसुदा सोबत जोडला आहे. अडीच ओळींचा आहे. महालक्ष्म्या अकोल्यास राहतील. ज्येष्ठेला धाकटी नेसवील, कनिष्ठेला थोरली. दर वर्षी चहा घेताना दोघींनी एकमेकींना खरे सांगावे. वकीलसाहेबांनी तो वाचून विचारले, की यात वाद निर्माण होईल असा शब्दच नाही, मग हा करार कसला.

तुझी अट वाचून मी दिवसभर खोलीचे दार लोटून बसले. हे घाबरून दोनदा विचारून गेले, की पुन्हा पडलीस का. संध्याकाळी मी आरशासमोर उभे राहून स्वतःचीच साडी उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने नेसून पाहिली. कनिष्ठा डावीकडे उभी असते, तिच्या निऱ्या त्या बाजूने घ्याव्या लागतील. जमेल. सराव करते आहे.

आता एक न्यून लिहिते. खरे, एकमेव. अभिप्रायाची मुदत संपली आहे, त्यामुळे करारावर त्याचा परिणाम होणार नाही. म्हणूनच आज लिहिते.

तुझी ज्येष्ठा डावीकडे झुकली होती. बोटभर. मी खोलीत पाऊल टाकताच मला दिसले, इतर कोणालाही दिसले नाही. हे एक वाक्य मी अभिप्रायात लिहिले असते, तर सोळाव्या भाजीला गिळून टाकायची वेळ आली नसती. न्यून खरे होते, दोघी कायद्याने माझ्या घरी आल्या असत्या. पण ते लिहिले असते तर का झुकते हेही सांगावे लागले असते.

ज्येष्ठेच्या कोठीचे बूड चेपलेले आहे. माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी विसर्जनानंतर ती माझ्या हातून जिन्यात पडली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी ती उचलली, पुसली आणि जागेवर ठेवली. पुढच्या भाद्रपदात ज्येष्ठा वाकडी उभी राहिली. तेव्हा मी खोलीचे दार आतून लोटले, खणाची घडी करून डाव्या कडेखाली सरकवली, वरून साडीचा घोळ सोडला आणि घाम पुसत बाहेर आले. सगळे म्हणाले, रमाच्या हातात काय आहे कोण जाणे. त्यानंतर दर वर्षी ते दार मी त्यासाठी लावत होते. तुला बाहेर ठेवायचे म्हणून नव्हे. पण बाहेर राहिलीस मात्र तू. सासूबाईंना कळले नाही, यांना आजही ठाऊक नाही. हे पत्र वाचून झाल्यावर केशवभाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस.

पार्वताबाईंना सांग, पुढच्या वर्षी काटवले वेचायला मीही येईन. काटे टोचले तर तक्रार पत्राने करीन.

लोभ असू दे. माझ्याबद्दल वाटणारी जळणही थोडी शिल्लक ठेव, अगदीच गेली तर मला करमणार नाही.

तुझी थोरली,
रमा

ता. क. खणाची घडी चौपदरी कर. पाचपदरी केलीस तर ज्येष्ठा उजवीकडे, म्हणजे आरतीला तू उभी राहतेस तिकडे, झुकेल. ते मला बघवणार नाही.